मृगाआधी ठरवायच्या गोष्टी : घरापुरतं पीक, घरचं बी आणि मातीचं देणं

फाल्गुन सरत आला की शेतकरी वाचकांचे ठरावीक प्रश्न सुरू होतात. रासायनिक खत एकदम बंद करू का? घरचं सोयाबीन पेरलं तर कंपनी केस करेल का? नांगरट न करता भागतं का? गावरान बी आणायचं कुठून? आणि अलीकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: चार एकर शेत असूनही तुरीची डाळ किराणा दुकानातून आणतो, हे बदलायचं तर सुरुवात कुठून करायची?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात केली की बाकीच्या प्रश्नांची उत्तरं सोपी होतात, असं आमचं मत आहे. आधी घरच्या खाण्यापुरतं शेत हातात घ्या. माती, बी, खत, मशागत हे सगळं त्या तुकड्यावर बदला आणि पैशाच्या पिकाला पहिल्या वर्षी फारसा धक्का लावू नका. कर्ज डोक्यावर असताना सगळं शेत एका हंगामात बदलायला सांगणारा सल्ला ऐकायला धीराचा वाटतो, पण पहिल्याच पडत्या वर्षी घर अडचणीत येतं.

पुढचं मार्गदर्शन मुख्यतः विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातल्या तीन ते पाच एकरांच्या घरांसाठी आहे. पाडव्यापासून मृगापर्यंतचा काळ तुमच्या हातात आहे. भेंडवळच्या घटमांडणीची चर्चा सुरू होईपर्यंत यातले निम्मे निर्णय झालेले असावेत.

आधी घराचा हिशेब

वही घ्या आणि घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या बाईला शेजारी बसवा. महिन्याला डाळ किती लागते, भाकरीचं पीठ किती, तेलाचे डबे किती, हे तिलाच नेमकं माहीत असतं.

पाच माणसांच्या घराचा अंदाज असा मांडता येईल:

- धान्य : रोज दीड किलो धरलं तर वर्षाला साधारण साडेपाच क्विंटल. रेशनवर माणशी महिना ५ किलो मिळत असेल, तर त्यातले ३ क्विंटल तिथून येतात. उरले अडीच क्विंटल.
- डाळी : रोज ४०० ग्रॅम धरल्या तर वर्षाला दीड क्विंटलच्या आसपास. घरी भरडताना चुणी, टरफल आणि तूट जाते, म्हणून तूर, मूग, उडीद आणि हरभरा मिळून दोन क्विंटल कडधान्य हवं.
- तेल : माणशी रोज २५ ग्रॅम धरलं तर वर्षाला ४५ किलो. घाणीवर काढायचं तर जवळपास दोन क्विंटल करडई लागते. पहिल्याच वर्षी हे नाही जमलं तरी चालेल.

हे आकडे पाहिले की एक गोष्ट दिसते. कोरडवाहू घराला धान्यापेक्षा डाळीचा आणि तेलाचा खर्च जास्त जाचतो, आणि नेमक्या याच दोन गोष्टी कोरडवाहू जमिनीत चांगल्या येतात. म्हणून सुरुवात कडधान्यापासून करा.

एक एकर बाजूला काढता येत असेल तर अर्ध्यात मूग आणि उडीद घ्या. साधारण ६५ ते ७५ दिवसांत, म्हणजे पोळ्याच्या आसपास, ते निघतात. त्याच जागी रब्बीत ज्वारी किंवा करडई घेता येते. उरलेल्या अर्ध्या एकरात खरीप ज्वारीच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी ठेवा. एवढीही जागा निघत नसेल तर सोयाबीनमध्ये ४:२ प्रमाणात तूर घ्या. घरच्या डाळीचा प्रश्न तेवढ्यानेही बराच सुटतो.

ज्वारीबद्दल आधीच सांगायला हवं. सगळ्या शिवारात सोयाबीन आणि तुमच्या एकट्याची ज्वारी, असं झालं तर साऱ्या शिवाराची पाखरं तुमच्याच कणसांवर उतरतात. राखण करायला माणूस नसेल तर दाणा घरी येत नाही. लागून शेत असलेल्या दोन-तीन घरांनी मिळून ज्वारी पेरायचं आताच ठरवा. पाखरांचं नुकसान वाटलं जातं आणि राखणही आळीपाळीने होते. कोणीच तयार नसेल तर पहिल्या वर्षी ज्वारी सोडा आणि फक्त कडधान्य घ्या.

तुकडा निवडताना

- घराजवळचा किंवा रोज जाणं होतं असा तुकडा घ्या. लांबच्या तुकड्याकडे दुर्लक्ष होतं.
- पाणी साचणारी जागा टाळा. मूग आणि तूर दोघांनाही ती मानवत नाही.
- शेजारच्या शेतातलं पाणी तुमच्या तुकड्यावरून वाहत असेल तर बांध आणि चर उन्हाळ्यातच करून घ्या. पेरणी उताराला आडवी करा.
- बटईने किंवा ठोक्याने केलेली जमीन असेल तर मालकाशी निदान तीन वर्षांचं लेखी ठरवून घ्या. माती सुधारायला तेवढा काळ लागतो. एका वर्षाच्या बोलीवर गाड्याच्या गाड्या शेणखत टाकलं आणि पुढच्या पाडव्याला जमीन दुसऱ्याला गेली, तर मेहनत वाया जाते.

निवडलेल्या तुकड्याचं माती परीक्षण आता, रब्बी निघाल्यावर आणि खत टाकण्याआधी करा. नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या आणि खड्ड्याच्या बाजूची वरपासून तळापर्यंतची माती खुरप्याने खरवडा. सगळी माती एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. बांधाजवळची, झाडाखालची आणि उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नका. अहवाल आल्यावर सेंद्रिय कर्बाचा आकडा आधी बघा. तो ०.५ टक्क्यांच्या खाली असेल तर या लेखातल्या काडीकचऱ्याच्या भागाकडे जास्त लक्ष द्या.

या तुकड्यावर रासायनिक खत बंद केलं तरी चालेल, कारण कडधान्याची नत्राची बरीचशी गरज मुळांवरच्या गाठीच भागवतात. बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया मात्र चुकवू नका. बाकीच्या शेतात खत द्यायचं ते माती परीक्षणानुसार द्या.

जिवामृताबद्दल फार गैरसमज आहे. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन घालून केलेलं हे द्रावण म्हणजे विरजण आहे, दूध नव्हे. जमिनीत कुजायला काडीकचराच नसेल तर नुसतं जिवामृत ओतून पीक पोसलं जाणार नाही.

काडीकचरा : जाळू नका, आणि कसाही पसरू नका

एप्रिलमध्ये गावोगाव धुराचे लोट दिसतात. शेत लवकर मोकळं होतं हे खरं आहे. पण त्या आगीत कर्ब आणि नत्र दोन्ही हवेत जातात, आणि तेच पुढे पैसे देऊन विकत घ्यावं लागतं. प्रत्येक अवशेषाची वाट मात्र वेगळी आहे.

- पऱ्हाटी : हिचे ढीग बांधावर लावू नका. उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या कपाशीवर तिथूनच येते. श्रेडरने बारीक करून कुजवायला घाला. गावात श्रेडर नसेल तर दहा-बारा जणांनी मिळून भाड्याने बोलवा.
- सोयाबीनचं कुटार : जनावरांना लागेल तेवढं ठेवा, उरलेलं खताच्या खड्ड्यात घाला.
- गव्हाचं काड : उभं धसकट तसंच राहू द्या आणि मोकळं काड ओळींमध्ये आच्छादनाला वापरा. कच्चं काड मातीत गाडून लगेच पेरणी केली तर ते कुजवणारे जिवाणू पिकाच्या वाट्याचं नत्र ओढतात आणि रोपं पिवळी पडतात.
- उसाचं पाचट : खोडव्यात सरीत दाबा. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक, हे नेहमीचं प्रमाण आहे. इथे युरिया वापरायला संकोच करू नका, कारण तो पाचट कुजवायला लागतो.

शेणखताच्या बाबतीत दरवर्षी एकच नुकसान पाहायला मिळतं. उकिरड्यावरचं अर्धकच्चं शेण मार्चमध्ये शेतात नेतात, छोटे छोटे ढीग टाकतात आणि ते दोन-अडीच महिने उन्हात तळपत राहतात. नत्र उडून जातं, आणि कच्च्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या शेतात पोहोचतात. त्यापेक्षा उकिरड्यातलं खत आताच एकदा उलथा, ओल द्या आणि झाडाच्या सावलीत तीन-चार फूट उंचीच्या ढिगात पालापाचोळ्याखाली झाकून ठेवा. महिन्याने पुन्हा उलथा. पेरणीआधी मूठभर खत हातात घेऊन दाबा. शेणाचा वास आला किंवा ढिगाच्या पोटात हात घातल्यावर ऊब लागली, तर ते अजून तयार नाही. तयार खत काळसर, भुसभुशीत असतं आणि पावसाळी मातीसारखा वास देतं. शेतात टाकलं की त्याच दिवशी मातीआड करा.

गुरं कमी झाल्याने शेणखत पुरत नाही, ही बहुतेक घरांची अडचण आहे. बांधावर गिरिपुष्प लावणं हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. पावसाच्या तोंडाला छाट कलमं लावली की एक-दोन वर्षांत हिरवा पाला कापता येतो.

नांगरायचं की नाही?

या प्रश्नावर अनुभवी शेतकऱ्यांतही एकमत नाही, म्हणून वाचक गोंधळतात. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर शून्य मशागतीचा आग्रह धरतात. नेरळच्या सगुणा बागेतले चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी सगुणा राइस तंत्र रुजवलं. त्यात गादीवाफे एकदा केले की दरवर्षीची नांगरणी आणि चिखलणी नसते आणि आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू देतात. कोकणातल्या भातवाल्यांनी ते तंत्र प्रत्यक्ष पाहून यावं. दोन्ही पद्धतींत तणनाशकाला मज्जाव नाही, हे आधी समजून घ्या. ‘नांगरट नाही’ म्हणजे ‘रसायन नाही’ असं धरून चालणाऱ्यांची तणाच्या पहिल्याच लाटेत फसगत होते. यवतमाळचे सुभाष शर्मा रसायनाला हात न लावता शेती करतात. त्यांचा भर पाणी शेतात जिरवण्यावर, झाडांवर आणि गुरांवर आहे.

निर्णय असा घ्या:

- तुकड्यात हरळी, कुंदा किंवा लव्हाळा माजला असेल तर यंदा एकदा नांगरा, काश्या वेचा आणि पुढच्या वर्षापासून नांगरट थांबवा.
- तण आटोक्यात असेल तर एखादी वखराची पाळी पुरे.
- निंदणीला घरची माणसं पुरणार नसतील तर शून्य मशागत अर्ध्या एकरापेक्षा जास्त जागेत करू नका.

कोणतं बी घरी धरता येतं?

संकरित वाणाचं बी धरू नका. पुढच्या पिढीत झाडं उंच-ठेंगणी, लवकर-उशिरा अशी फुटतात. बाजारातली बीटी कपाशी संकरित असते, तिचं बी राखण्यात अर्थ नाही. सरळ वाणाचं मात्र बी धरता येतं, मग तो विद्यापीठाचा असो वा गावरान.

- सहज धरता येणारी : सोयाबीन, मूग, उडीद, हरभरा, गहू, भात, भुईमूग. यांचं परागीभवन बहुतांशी स्वतःच्याच फुलात होतं.
- जरा जपून : तूर, ज्वारी, वांगी, मिरची, भेंडी. शेजारी दुसरा वाण असेल तर भेसळ होते. शेताच्या मधल्या भागातली, वाणाला धरून असलेली झाडं आधीच खुणेची चिंधी बांधून राखा. काढणीनंतर ढिगातून बी निवडलं तर झाड कसं होतं ते कळायला मार्ग राहत नाही.
- हाताने परागीभवन करून : भोपळा, काकडी. भोपळ्याचं उद्या उमलणारं फूल आदल्या संध्याकाळी ओळखता येतं, कारण कळीच्या टोकाला पिवळी झाक आलेली असते. अशी एक मादी कळी, जिच्या देठाशी इवलासा भोपळा असतो, आणि दोन नर कळ्या दोऱ्याने हलक्या हाताने बांधून टाका. सकाळी उन्हं वर येण्याआधी नर फूल तोडून पाकळ्या काढा, त्याचा परागदांडा मादी फुलात फिरवा आणि फूल पुन्हा बांधा. देठाला रंगीत दोरा बांधून ते फळ वेलीवरच पूर्ण पिकू द्या.

पेरणीसाठी ठेवलेल्या बियाण्याची उगवण चाचणी मे महिन्यात कराच. ओलं गोणपाट पसरून त्यावर शंभर दाणे दहा-दहाच्या दहा ओळींत मांडा. दाणे निवडून घेऊ नका, पोत्यातून येतील तसे घ्या. वरून दुसरं ओलं गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उलगडून मूळ आणि कोंब दोन्ही धडके असलेले दाणे मोजा. नुसतं फुगलेलं, बुरशी धरलेलं किंवा मूळ तुटकं असलेलं बी मोजायचं नाही.

सोयाबीनची सत्तर टक्के उगवण असेल तर एकरी ३० किलो बियाणं लागतं. साठच टक्के आली तर ३५ किलो धरा. त्याहून बरीच कमी आली तर ते बियाणं विकून टाका किंवा खाण्याकडे वळवा, पेरू नका. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. पोती आपटू नका, चार-पाचांपेक्षा जास्त थप्पी लावू नका, लाकडी फळ्यांवर ठेवा आणि खताच्या पोत्यांशेजारी तर मुळीच नको. प्रमाणित बियाण्यापासून आलेलं सोयाबीन पुढे दोन वर्षं वापरता येतं. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करा, तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल नको.

घरात बी नसेल तर मूग, तूर, ज्वारीचे सरळ वाण राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांकडे आणि कृषी विज्ञान केंद्रांत मिळतात. कोरडवाहूसाठी बदनापूरची बीडीएन ७११ ही लवकर येणारी तूर बघा. गावरान भाज्या आणि वालांसाठी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी उभी केलेली बीजबँक सर्वांना माहीत आहे. पण आधी आपल्याच गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे चौकशी करा. राखेत घोळून डब्यात ठेवलेला वाल किंवा काकडीचं बी बहुतेक गावांत कोणाकडे तरी सापडतंच, आणि ते तुमच्या मातीला आधीच सरावलेलं असतं.

बियाण्याबाबतचे तुमचे हक्क

घरचं बी पेरणं बेकायदा आहे ही भीती मनातून काढा. पिकांचे वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ यातल्या कलम ३९ नुसार, वाण नोंदणीकृत असला तरी शेतकरी आपल्या शेतातलं बी राखू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, त्याची अदलाबदल करू शकतो, वाटू शकतो आणि विकूही शकतो. मर्यादा एकच आहे: ब्रँडचं नाव आणि लेबल लावलेल्या पिशवीत ते विकता येत नाही. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने बटाट्याच्या एका वाणावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले होते. देशभरातून विरोध झाल्यावर त्याच वर्षी ते मागे घेतले गेले.

तुमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या राखलेला किंवा स्वतः निवडून तयार केलेला वाण असेल तर शेतकऱ्याचा वाण म्हणून त्याची नोंदणी विनाशुल्क होते. अर्जासाठी कृषी विज्ञान केंद्राची मदत घ्या. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी हा तांदळाचा वाण निवडीतून घडवला. तो देशभर पसरला, पण त्यातल्या कमाईचा वाटा त्यांच्या घरी पोहोचला नाही. नोंदणीचा कंटाळा करू नये, तो यासाठी.

विकतचं बियाणं घेताना:

- पक्कं बिल घ्या, त्यावर वाण आणि लॉट क्रमांक लिहून घ्या. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी असते.
- पिशवी खालच्या बाजूने फोडा, म्हणजे वरची खूणचिठ्ठी शाबूत राहते. मूठभर बियाणं पिशवीत शिल्लक ठेवा.
- उगवण झाली नाही तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तालुका तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. तोपर्यंत शेत मोडू नका.
- एका वस्तूबरोबर दुसरी घ्यायची सक्ती, म्हणजे लिंकिंग, मान्य करू नका.
- तणनाशक सहन करणारं कपाशीचं चोरटं बियाणं घेऊ नका. त्याला बिल नसतं, त्यामुळे फसवणूक झाली तर दाद कुठेच मागता येत नाही.

पेरल्यानंतरची कागदपत्रं

ई-पीक पाहणीत घरच्या तुकड्याची नोंद मिश्र पीक म्हणूनच करा आणि प्रत्येक पिकाचं क्षेत्र वेगळं टाका. घाईत नुसतं सोयाबीन लिहिलं तर तूर गेल्यावर विमा आणि अनुदान दोन्हींत अडचण येते.

घरचं भागून उरलं तर थेट विका. फळं आणि भाजीपाला २०१६ पासून बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक आहे, आणि शेतकरी आठवडे बाजारात जागा मिळू शकते. ओळखीच्या गिऱ्हाइकाला डाळ विकताना ती कशी पिकवली ते तोंडी सांगा. पाकिटावर ‘सेंद्रिय’ छापून दुकानात ठेवायचं असेल तर मात्र प्रमाणीकरण लागतं. लहान शेतकऱ्यांना पीजीएस ही गटाने करायची पद्धत परवडते. त्यासाठी आसपासचे किमान पाच शेतकरी एकत्र यावे लागतात.

राहिली सातबाऱ्याची गोष्ट. बी राखणारी, निवडणारी आणि निंदणी करणारी घरातली बाई बहुतेक ठिकाणी कागदावर कुठेच नसते. त्यामुळे गट, कर्ज, विमा, प्रशिक्षण अशा प्रत्येक ठिकाणी तिला नवऱ्याची सही लागते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम चालवली ती याचसाठी, आणि पुढे सरकारनेही ती योजना म्हणून स्वीकारली. पतीच्या अर्जावरून पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. अर्ज तलाठ्याकडे द्या, पोच घ्या आणि फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करा. पेरणीची धांदल सुरू झाली की हे काम मागे पडतं, म्हणून मे महिन्यातच उरकून घ्या.